शून्य छेद आणि शेंकडेवारी

शाळेचा निकाल शेंकडा किती लागला, हा प्रश्न वर्षांतून एकदां तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं विचारला जातो. उत्तरादाखल एक आंकडा मिळतो, आणि तेवढ्यानें बहुतेकांचें समाधान होतें. हा आंकडा हल्लीं कोणी कारकून कागदावर मांडून काढीत नाहीं. हजेरी, गुण, फी, वाचनालयांतील पुस्तकें इत्यादींच्या नोंदी संगणकांतील माहितीसाठ्यांत ठेविलेल्या असतात, आणि शेंकडेवारीहि संगणकच काढून देतो. परंतु हिशेब यंत्राकडे गेला म्हणून हिशेबांतील अडचणी संपल्या असें मात्र नाहीं. त्यांपैकीं एक अडचण यंत्रापेक्षां कित्येक शतकें जुनी आहे. ती म्हणजे शून्यानें भागण्याची. प्रस्तुत लेखांत तिचाच विचार करावयाचा आहे.

माहितीसाठ्यास प्रश्न विचारण्याची जी भाषा सर्वत्र रूढ आहे तिला एस्क्यूएल् असें म्हणतात. १९७० सालीं एड्गर कॉड या मूळच्या इंग्रज शास्त्रज्ञानें, आय्बीएम् कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत असतां, सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवावी अशी कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. १९७४ सालीं त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबर्लिन व रेमंड बॉइस यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्यासाठीं एक भाषा रचिली. १९८६ सालीं अमेरिकेंत व १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय क्षेत्रांत तिला मानक म्हणून मान्यता मिळाली. या भाषेचा एक विशेष विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. आपणांस काय हवें तेवढेंच येथें सांगावयाचें असतें. तें कोणत्या क्रमानें शोधावें हें यंत्र आपलें आपण ठरवितें. आपण एक वाक्य लिहितों आणि तें कोष्टकांतील सर्व ओळींस एकदम लागू होतें. ही मोठीच सोय आहे, आणि आपली प्रस्तुतची अडचणहि याच सोयींतून उद्भवते.

समजा, निकाल या नांवाच्या कोष्टकांत विषयवार दोन रकाने आहेत: परीक्षेस बसलेले किती आणि उत्तीर्ण किती. मराठीस ६० बसले, ५४ उत्तीर्ण झाले. गणितास ५० बसले, ३० उत्तीर्ण झाले. जर्मन भाषेस ४ बसले आणि चौघेहि उत्तीर्ण झाले. फ्रेंच हा विषय शाळेनें पत्रकावर ठेविला आहे, परंतु यंदा तो कोणीच घेतला नाहीं. म्हणून बसलेले ०, उत्तीर्ण ०. आतां शेंकडेवारी काढण्यासाठीं पुढील पृच्छा लिहिली. (यंत्रापुढें हे शब्द रोमन लिपींत लिहावे लागतात, येथें वाचकांच्या सोयीसाठीं उच्चाराप्रमाणें दिले आहेत.)

सिलेक्ट विषय, १००.० * उत्तीर्ण / बसलेले फ्रॉम निकाल

मराठीचे ९०, गणिताचे ६०, जर्मनचे १००, हीं उत्तरें सरळ आहेत. फ्रेंचच्या ओळीपाशीं येतांच यंत्रास शून्यास शून्यानें भागण्याची आज्ञा होते, आणि तें काम टाकून देतें. केवळ फ्रेंचचें उत्तर अडून राहिलें असतें तर कांहीं बिघडलें नसतें. परंतु वाक्य सर्व ओळींचें मिळून एकच असल्यामुळें मराठी, गणित आणि जर्मन यांचींहि उत्तरें त्याबरोबर जातात. जो विषय कोणी घेतलाच नाहीं त्यानें साऱ्या शाळेचा निकाल अडवावा, हा प्रकार मोठा चमत्कारिक खरा.

यंत्र असें कां करितें? येथें यंत्रास दोष देण्यापूर्वीं भागाकाराचा अर्थ पाहिला पाहिजे. १२ भागिले ४ याचा अर्थ, १२ मधून ४ किती वेळां वजा करितां येतील. तर ३ वेळां. १२ मधून शून्य किती वेळां वजा करितां येईल? कितीहि वेळां करा, १२ चे १२ च राहतात. उलट बाजूनें पाहूं. ज्या संख्येस शून्यानें गुणिलें असतां १२ येतील अशी संख्या कोणती? अशी संख्या नाहींच. शून्य भागिले शून्य याची गत याहून निराळी आहे. ज्या संख्येस शून्यानें गुणिलें असतां शून्य येईल अशी संख्या कोणती, असें विचारल्यास कोणतीहि संख्या चालते. म्हणजे पहिल्या प्रश्नास उत्तर नाहीं आणि दुसऱ्यास अगणित उत्तरें आहेत. दोहोंपैकीं कोठेंहि एक निश्चित उत्तर सांपडत नाहीं.

आपल्याकडील थोर गणित्यांनीं या प्रश्नाशीं झुंज घेतलेली आहे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मस्फुटसिद्धांतांत शून्याच्या गणिताचे नियम दिले. बेरीज, वजाबाकी व गुणाकार यांचे त्याचे नियम आजहि जसेच्या तसे मान्य आहेत. परंतु शून्यास शून्यानें भागिलें तर शून्य येतें असें त्यानें लिहिलें, आणि तें मात्र पुढें टिकलें नाहीं. नवव्या शतकांतील महावीराचार्यांच्या मतें शून्यानें भागिलेली संख्या जशीच्या तशी राहते. तिसरे भास्कराचार्य. यांचा जन्म इ. स. १११४ चा, १११४ त ३६ मिळवावे म्हणजे त्यांच्या सिद्धांतशिरोमणीचें साल ११५० हें येतें. शून्य हा ज्याचा छेद आहे अशा राशीस त्यांनीं खहर हें नांव दिलें आणि तो राशि अनंत होय असें सांगितलें. तींत कांहीं मिळविलें किंवा तींतून कांहीं काढलें तरी ती बदलत नाहीं, हें त्यांनीं सृष्टीच्या उत्पत्तीच्या व प्रलयाच्या वेळीं अविकृत राहणाऱ्या अनंताचा दृष्टांत देऊन समजाविलें आहे. त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला होता, आणि त्याचा शिलालेख आपल्याच जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. ज्या पालकांस सवड असेल त्यांनीं मुलांस तो अवश्य दाखवावा.

भास्कराचार्यांची कल्पना उदात्त आहे; तथापि रोजच्या हिशेबांत ती चालत नाहीं. ५ भागिले ० हें अनंत आणि ७ भागिले ० हेंहि तेंच अनंत, असें मानून दोन्हीं बाजूंस पुन्हां शून्यानें गुणिलें तर ५ बरोबर ७ असें कबूल करावें लागेल. ज्या कोष्टकावरून फी वसूल व्हावयाची, त्यांत पांच आणि सात एक होऊन कसें चालेल? म्हणून अर्वाचीन अंकगणितांत शून्यानें भागणें हें अर्थहीन मानिलें आहे.

आतां निरनिराळ्या यंत्रप्रणाली येथें एकमतानें वागत नाहींत, हें सांगितलें पाहिजे. पोस्टग्रेस्क्यूएल्, ओरॅकल व मायक्रोसॉफ्टचा एस्क्यूएल् सर्व्हर या तिन्ही प्रणाली चूक जाहीर करून थांबतात. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत या चुकीचा क्रमांक ८१३४ आहे, ओरॅकलमध्यें १४७६. एस्क्यूलाइट व मायएस्क्यूएल् या मात्र अशा पृच्छेस थांबत नाहींत. त्या ठिकाणीं रिक्त उत्तर ठेवून पुढें जातात. दुसरी पद्धत वरवर पाहतां सोयीची दिसते. पण जो मनुष्य तिच्यावर विसंबून लिहावयास शिकला त्याचें काम एका प्रणालींतून दुसरींत नेलें कीं पहिल्याच दिवशीं बंद पडतें. म्हणून यंत्राच्या स्वभावावर न सोडतां, शून्याची व्यवस्था आपण आपल्या वाक्यांतच करावी हें बरें.

शून्य छेदानें केवढा अनर्थ होऊं शकतो याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेच्या नौदलाची यॉर्कटाउन ही लढाऊ नौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ असतां, तिच्यावरील माहितीसाठ्याच्या एका रकान्यांत शून्य हा आंकडा भरला गेला. त्या शून्यानें भागाकार करावयाचा प्रसंग येतांच कार्यक्रम कोलमडला, त्याच्या पाठोपाठ नौकेवरील संगणकांचें जाळें बंद पडलें, आणि नौका चालविणारीं यंत्रें थांबून ती सुमारें पावणेतीन तास समुद्रांत निश्चल उभी राहिली. तेथें एस्क्यूएल् भाषेचाच दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रकान्यांत शून्य येईल ही शक्यता ज्यानें विचारांत घेतली नाहीं, त्याची चूक शाळेच्या निकालांत होणाऱ्या चुकीहून निराळी नव्हती. शाळेंत शत्रूचें भय नाहीं, इतकाच फरक.

यावर उपाय एका शब्दाचा आहे. १९९२ सालच्या मानकांत नल्इफ् नांवाची एक योजना दाखल झाली. तिला दोन गोष्टी द्यावयाच्या. त्या दोन्ही समान असल्या तर ती नल् परत देते. नसल्या तर पहिली जशीच्या तशी परत देते. यावरून आपली पृच्छा अशी होईल:

सिलेक्ट विषय, १००.० * उत्तीर्ण / नल्इफ्(बसलेले, ०) फ्रॉम निकाल

मराठीचे ६० हे शून्याबरोबर नाहींत, म्हणून ६० च राहिले. फ्रेंचचे ० हे शून्याबरोबर आहेत, म्हणून त्यांच्या जागीं नल् आला, आणि भागाकार होण्यापूर्वींच छेदांतून शून्य नाहींसें झालें. आतां नल् म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण येथेंच पुष्कळांचा घोंटाळा होतो. नल् म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही एक संख्या आहे. माझ्या खिशांत शून्य रुपये आहेत असें म्हटलें तर माझ्या खिशाची पुरी माहिती तुम्हांस मिळाली. नल् म्हणजे येथें सांगण्यासारखा आंकडाच नाहीं. कोणत्याहि संख्येस नल्नें भागा, गुणा, किंवा तींत नल् मिळवा, उत्तर नल् च येतें. म्हणून फ्रेंचच्या ओळींत यंत्र न थांबतां रिकामी जागा सोडतें, आणि बाकीचे विषय आपापल्या उत्तरांसह सुखरूप बाहेर येतात.

ज्यांस हें आडवळणाचें वाटेल त्यांनीं केस् या शब्दानें आरंभ होणारें वाक्य वापरावें: बसलेले शून्याहून अधिक असतील तरच भागाकार करावा, एरवीं करूं नये. अर्थ तोच, लिहिणें जरा लांब, पण वाचणाऱ्यास हेतु लगेच कळतो. तिसरा एक मार्ग लोक नेहमीं सुचवितात, तो म्हणजे व्हेअर् हा शब्द घालून बसलेले शून्य असलेल्या ओळी आधींच गाळून टाकाव्या. आमच्या मतें हा मार्ग चांगला नव्हे. एक तर फ्रेंच हा विषय अहवालांतून अजीबात नाहींसा होतो, आणि तो शिकविण्यास शिक्षक नेमिलेले असूनहि कोणी विद्यार्थी आला नाहीं ही महत्त्वाची गोष्ट व्यवस्थापकांच्या नजरेस येत नाहीं. शिवाय, व्हेअर् च्या पुढें दोन अटी लिहिल्या, पहिली छेद शून्य नसावा अशी व दुसरी भागाकाराची, तर यंत्र पहिली अटच आधीं तपासील अशी हमी नाहीं. क्रम यंत्रानें ठरवावयाचा हें वर सांगितलेंच आहे.

खरा प्रश्न यापुढें आहे. रिकामी जागा पाहून माणसाचें मन अस्वस्थ होतें. कोअलेस् नांवाची दुसरी एक योजना याच भाषेंत आहे. ती नल् च्या जागीं आपण सांगूं ती वस्तु ठेविते. मग पुष्कळ जण तिला सांगतात, शून्य ठेव. छापलेल्या तक्त्यांत फ्रेंचपुढें शेंकडा शून्य असें येतें. हें वाचून पालक काय समजतील? फ्रेंचला बसलेलीं सर्व मुलें नापास झालीं, असेंच समजतील. ज्या शिक्षकाच्या वर्गांत एकहि विद्यार्थी नव्हता त्याच्या माथीं संपूर्ण अपयश मारलें जाईल. चूक जाहीर करून थांबलेलें यंत्र निदान खोटें तरी बोलत नव्हतें.

हें शून्य तेथेंच थांबत नाहीं. समजा, कोणी चारहि विषयांच्या शेंकडेवारीची सरासरी काढली. ९०, ६०, १०० आणि ० यांची बेरीज २५०. चारांनीं भागिल्यास ६२.५. शून्य न ठेवितां नल् तसाच राहूं दिला, तर सरासरी काढणारी योजना त्यास वगळते, आणि २५० ला तिहींनीं भागून ८३.३३ येतात. एका रिकाम्या वर्गानें शाळेचा निकाल जवळजवळ २१ नें खालीं आणला! आणि खरें पाहतां हे दोन्ही आंकडे चुकीचे आहेत, कारण जर्मनच्या चार मुलांस मराठीच्या साठांइतकेंच वजन दिलें गेलें. योग्य रीत अशी कीं आधीं बेरजा कराव्या आणि मग एकदांच भागावें. बसलेल्यांची बेरीज ११४, उत्तीर्णांची ८८; शेंकडा ७७.१९. तीन रीतींनीं तीन उत्तरें आलीं, आणि तिन्ही यंत्रानें बिनचूक गणित करून दिलेलीं!

येथें असा आक्षेप येईल कीं मग शेंकडा शून्य असें कधींच छापूं नये काय? अवश्य छापावें, अंश शून्य असेल आणि छेद शून्य नसेल तेव्हां. १९ एप्रिल २०२४ रोजीं लोकसभेच्या निवडणुकींत नागालँडच्या पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत, वेगळ्या प्रदेशाची मागणी करणाऱ्या तेथील संघटनेच्या आवाहनावरून, चार लक्षांहून अधिक मतदारांपैकीं जवळजवळ कोणीच मतदानास गेले नाहींत. ज्या केंद्रावर एकहि मत पडलें नाहीं तेथें मतदानाचें प्रमाण शेंकडा शून्य हें अगदीं खरें आहे, कारण छेदस्थानीं नोंदलेले मतदार आहेत; लोकांस जें सांगावयाचें होतें तें त्या शून्यानेंच सांगितलें. परंतु त्याच केंद्रावर अमुक उमेदवारास पडलेल्या मतांपैकीं शेंकडा किती मिळालीं, असें विचारलें, तर छेदस्थानीं पडलेलीं मतें येतात आणि तीं शून्य आहेत. तेथें शेंकडा शून्य लिहिणें म्हणजे मतदारांनीं त्या उमेदवारास नाकारलें असें म्हणणें होय. वस्तुतः त्यांनीं त्याच्याविषयीं बरें किंवा वाईट कांहींच म्हटलेलें नाहीं. एकाच केंद्राच्या एकाच ओळींत एक शून्य खरें आणि दुसरें खोटें, अशी ही गंमत आहे. छेद एकच असला तरी कसें होतें याचें उदाहरण गुजरातेंत सांपडतें: गीरच्या अरण्यांत बाणेज येथें २०१९ सालीं एका मतदाराकरितां केंद्र उघडलें होतें. तेथें प्रमाण एक तर शेंकडा शून्य, नाहीं तर शेंकडा शंभर. मधलें कांहीं संभवतच नाहीं.

वाढीची शेंकडेवारी काढतांनाहि हाच पेंच येतो. मागील वर्षीं शास्त्रशाखेंत मुली २० होत्या, यंदा २५ झाल्या, तर वाढ शेंकडा २५. मागील वर्षीं एकहि नव्हती आणि यंदा ७ आल्या, तर शेंकडा वाढ किती? कोणी १०० म्हणतात, कोणी ७०० म्हणतात. दोघेहि मनचें सांगतात. तेथें शेंकडा न लिहितां नव्यानें ७ असें लिहावें.

आणखी एक बारीकशी गोष्ट. वरील पृच्छेंत १०० न लिहितां १००.० असें लिहिलें आहे, तें उगीच नव्हे. पोस्टग्रेस्क्यूएल्, एस्क्यूएल् सर्व्हर व एस्क्यूलाइट यांत पूर्णांकास पूर्णांकानें भागिलें असतां अपूर्णांक टाकून देतात. ३० भागिले ५० हें आधीं केलें तर ० येतात, आणि त्यांस मग शंभरांनीं गुणून शून्यच राहतें. दशांशचिन्हानें यंत्रास सूचना मिळते कीं अपूर्णांक जपून ठेव.

तक्त्यांत रिकाम्या जागीं काय छापावें, याचा निर्णय आतां सोपा आहे. एक आडवी रेघ काढावी आणि शेजारीं बसलेल्यांची संख्या द्यावी. मात्र रेघ किंवा शब्द हा आंकड्यांच्या रकान्यांत कोअलेस् नें ठेवितां येत नाहीं. बहुतेक प्रणाली तक्रार करितात, कारण एका रकान्यांत एकाच जातीच्या वस्तु असाव्या असा नियम आहे. आधीं आंकड्याचें अक्षरांत रूपांतर करावें लागतें, आणि तें शेवटीं, छापण्याच्या वेळीं करावें. रिकाम्या जागेचीं कारणेंहि दोन असूं शकतात. फ्रेंचला कोणी बसलेंच नाहीं, तेथें बसलेल्यांच्या रकान्यांत ० आहे. पण एखाद्या शिक्षकानें आपलें पत्रक अद्यापि दिलेंच नसेल, तर त्या रकान्यांत मुळांतच नल् आहे. भागाकार झाल्यावर दोन्ही ओळी सारख्याच रिकाम्या दिसतात. पहिलींत कोणी बसलें नाहीं आणि दुसरींत पत्रक आलें नाहीं असें वेगवेगळें छापावयाचें असेल, तर केस् च्या वाक्यांत दोन्ही अटी निरनिराळ्या लिहाव्या. आणि दुसरी अट लिहितांना बरोबरीचें चिन्ह न वापरतां इज् नल् असें लिहावें, कारण नल् हा नल् बरोबर आहे असेंहि हें यंत्र मान्य करीत नाहीं.

संपूर्ण शाळेच्या निकालासाठीं पृच्छा अशी लिहितात:

सिलेक्ट १००.० * सम्(उत्तीर्ण) / नल्इफ्(सम्(बसलेले), ०) फ्रॉम निकाल

सर्व विषयांची बेरीज शून्य कशी होईल, असें वाटून येथें नल्इफ् गाळण्याचा मोह होतो. परंतु हीच पृच्छा तुकडीवार, वर्षवार किंवा केंद्रवार चालवावी लागते, आणि एखादी नवी तुकडी अशी निघतेच कीं जिची परीक्षा अजून झालेली नाहीं. तिच्या ओळीच कोष्टकांत नसतील तर सम् हा नल् देतो आणि काम निभावतें. पण विद्यार्थी मोजण्यासाठीं सम् च्या ऐवजीं काउंट वापरला असेल तर तो नल् न देतां ० देतो, आणि यंत्र पुन्हां तेथेंच येऊन थांबतें.